लाल गाडीची पुढची प्लेट

फुलचूरच्या लीलाधरला नुसतं 'लीलाधर' म्हणून हाक मारली तर तो वळायचा नाही. 'पेंटर' म्हटलं की लगेच मान फिरायची. अठ्ठावीस वर्षं त्या माणसाने गोंदियात गाड्यांचे नंबर रंगवले. बसस्टँडच्या बाजूला एक खुर्ची, एक पेटी, चार ब्रश आणि डोक्यावर फाटकी ताडपत्री, एवढंच दुकान. पण आकडा असा काढायचा की पट्टी लावून पाहा, केसभर इकडेतिकडे सापडायचा नाही. आणि स्वभाव? स्वभावाचं तर नावच काढू नका. एखादं हिरो पोट्टं मोटारसायकल घेऊन यायचं आणि म्हणायचं, "पेंटर, एकेचाळीस एकेचाळीसचा 'दादा' करून दे." झालं! लीलाधर ब्रश पुसून पेटीत ठेवायचा. "आकडा हाये तं आकडाच दिसन. दादागिरी घरी करजो, मायसमोर." गिऱ्हाईक तणतणत निघून जायचं आणि पलीकडच्या दुकानातून पाहिजे तसा नंबर करून घ्यायचं. लीलाधरला त्याचं काही वाटायचं नाही. उलट घरी येऊन प्रेमिलाला, म्हणजे बायकोला, तो हा किस्सा मिटक्या मारत सांगायचा.

मग सरकारची ती नवी प्लेट आली. चकचकीत ॲल्युमिनियमची, उठावाच्या आकड्यांची, कोपऱ्यात चमकणारा शिक्का, आणि एकदा बसलं की तोडल्याशिवाय न निघणारं लॉक. आधी फक्त नव्या गाड्यांना होती, तेव्हा लीलाधरचा अर्धा धंदा बसला. पुढे जुन्या गाड्यांनाही तीच लावा असा हुकूम निघाला, आणि उरलेला अर्धाही गेला. वय चौपन्न. दुसरा हुन्नर नाही. चार महिने माणूस घरी बसून इतका चिडका झाला की प्रेमिला म्हणाली, "कुठंबी जा, पण घराच्या बाहेर निंघा बाप्पा!"

तो निघाला आणि कुठे गेला असेल? प्लेटा बसवायच्या केंद्रावरच! केंद्र चालवणारे दुर्गाप्रसाद म्हणजे लीलाधरचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी विचारलं, "पेंटर, ड्रिल चला लोगे?" लीलाधर हो म्हणाला. ज्या प्लेटेने पोटावर पाय दिला होता, तीच आता पोटाला घालू लागली. गळ्यात ओळखपत्र आलं, मोबाइलवर स्वतःच्या नावाचं खातं आलं. भिंतीवर नियम लावलेले होते: दोन्ही प्लेटा केंद्रावरच बसवायच्या, लॉक ठोकायचं, फोटो वर पाठवायचा, आणि काही झालं तरी प्लेट कोणाच्या हातात द्यायची नाही. लीलाधरला हे नियम वाचून बरं वाटलं. आपल्यासारखंच कोणीतरी वर बसलंय म्हणायचं!

आता असा माणूस नियम मोडेल असं कोणाला वाटेल? पण त्याने मोडला. आणि तोही रंगापायी.

शुक्रवारचा दिवस. केंद्रावर माशा मारायची वेळ आली होती, कारण पितर पंधरवडा लागलेला. या पंधरवड्यात लोक नवी चप्पल घालत नाहीत, तर गाडीला नवी प्लेट कोण लावेल? नोंदणी केलेले लोकसुद्धा फोन करून तारीख पुढे ढकलत होते. दुपारी फाटकाशी 'खर्रर्र' आवाज झाला. लीलाधरने पाहिलं, तर एक लाल गाडी फाटकातल्या उंचवट्यावर पोट टेकून अडकली होती. दोन माणसांपुरती, बसकी. शेजारी बकरी उभी राहिली तर बकरीच उंच दिसेल! चार जणांनी ढकलून ती आत आणली. आतून बिरसीचा भूपेंद्र उतरला. उतरला कसला, गुडघे छातीला लावून बाहेर निघाला. बाप शेतकरी होता, तीन वर्षांपूर्वी वारला. हा आता धानाचा व्यापार करतो. गाडी नागपुरातून जुनी घेतलेली.

लीलाधर गाडीकडे पाहतच राहिला. गाडीकडे नव्हे, रंगाकडे. असा लाल रंग त्याने जन्मात कधी डब्यातून काढला नव्हता. वर काचेसारखा थर, आणि त्याखाली खोल खोल जाणारा लाल. त्याने हाताची पाठ अलगद लावून पाहिली. बोटं लावायची हिंमत झाली नाही.

मागची प्लेट चटकन बसली. पुढे मात्र जागाच नव्हती. पुढच्या बंपरला एकही भोक नाही, सगळा अखंड लाल. भोक न पाडता प्लेट लावायची तर बंपरच्या खालच्या कडेला, गाडीच्या हनुवटीपाशी, आणि हनुवटी जमिनीपासून चार बोटं वर. लीलाधरने जमिनीवर लोळून मोजलं, चार म्हणजे चारच बोटं.

भूपेंद्र हात जोडून म्हणाला, "काका, इथं लावली तं पहिल्याच ब्रेकरवर उडून जाईन नं. आणि भोक नका पाडू बाप्पा, जीव जाईन माहा. नागपूरून प्लेट बसवाची पट्टी बोलावून राहिलो मी, आठ दिवसांत येते. मंग येतो, तुमी लॉक ठोका. आज नुसती टेपनं चिपकवा आणि फोटो काढा."

लीलाधरने ड्रिल उचललं. टोक त्या लालावर टेकवलं. आणि हात थांबला. अठ्ठावीस वर्षं रंग लावणारा हात, रंगाला भोक पाडायला तयार होईना! त्याने ड्रिल खाली ठेवलं, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली, प्लेट हनुवटीला चिकटवली, फोटो काढला, वर पाठवला आणि लॉक शर्टाच्या खिशात टाकलं. "आठ दिवस म्हंजे आठच दिवस," त्याने बजावलं. भूपेंद्र म्हणाला, "माय शप्पत काका."

मंगळवारी सकाळी दुर्गाप्रसादांनी त्याला आत बोलावलं. मोबाइल पुढे धरला. फोटो मोठा केलेला, प्लेटेच्या कडेने टेप डोकावत होती.

"पेंटर, ये क्या है? लॉक किधर है?"

लीलाधरने खिशातून लॉक काढून टेबलावर ठेवलं. खोटं बोलणं त्याला सुचलंच नाही. घडलं ते सगळं सांगितलं.

दुर्गाप्रसादांनी कपाळाला हात लावला. "अरे भाई, तुम? तुमने किया ये? दूसरा कोई करता तो मैं मान लेता." वरच्या ऑफिसचा निरोप स्पष्ट होता. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत गाडी परत आणून, प्लेट लॉक करून नवा फोटो पाठवा. नाही तर बसवणाऱ्याचं खातं कायमचं बंद, आणि पोलिसात तक्रार. सुटी प्लेट बाहेर फिरणं म्हणजे खेळ नाही. गोंदियातून मध्य प्रदेश अर्ध्या तासावर, छत्तीसगड तासाभरावर. ती प्लेट लावून दारूची गाडी सीमा ओलांडेल, आणि नाव येईल भूपेंद्रचं नि ती हातात देणाऱ्याचं.

लीलाधरने तिथूनच भूपेंद्रला फोन लावला. "गाडी घेऊन ये."

पलीकडून हळूच आवाज आला, "काका, गाडी आणतो, पन प्लेट नाही गाडीले. शुक्रवारी घरी आलो तवा होती का नव्हती, ध्यान नाही देल्लं. इतवारी पाह्यलं तं नुसती टेप लोंबून राह्यली. कोनत्या तरी ब्रेकरवर पडली असन."

"आनं तू मले आज सांगून राहिला?"

"मले वाटलं, दुसरी भेटते."

लीलाधर तिथल्या उलट्या बादलीवर बसला.

बुधवारी पहाटेच तो स्कूटी घेऊन निघाला. केंद्रापासून बिरसीपर्यंत सात ब्रेकर. त्याला वाटेतले ब्रेकर कधी मोजावे लागले नव्हते, आता एकेकाची जन्मपत्रिका पाठ झाली. दोन सरकारी, बाकीचे गावकऱ्यांनी आपापल्या मनाने घातलेले. कोणाची शेळी मेली की एक ब्रेकर, कोणाचा ट्रॅक्टर जोरात गेला की दुसरा. गिट्टी, सिमेंट, मुरूम, जे हाताला लागेल ते ओतलं की झाला ब्रेकर. उंची विचारू नका, गावाचा राग जेवढा तेवढी उंची.

प्रत्येक ब्रेकरपाशी लीलाधर स्कूटी लावायचा आणि दोन्ही बाजूंच्या गवतात वाकून शोधायचा. नालीत काडी घालून ढवळायचा. दोन्हीकडे हिरवेगार धान निसवायला आलेले, बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी. वरून बिरसीच्या धावपट्टीवरची, पायलट शिकणाऱ्यांची छोटी विमानं घुरघुरत फिरत होती. जाणारे-येणारे विचारायचे, "काय हारपलं जी?" तो म्हणायचा, "प्लेट." त्यांना वाटायचं जेवणाची. एका बाईने तर कळवळून विचारलं, "स्टीलची होती का पितळेची?" तो पुन्हा वाकून गवत चाळू लागला.

चौथ्या ब्रेकरवर त्याला लाल रंगाचा ओरखडा दिसला. सिमेंटवर वीतभर, ताजा. इथेच पडली असणार! त्याने तिथे दोन तास घालवले. बांधीत उतरून गुडघाभर चिखलात हाताने चाचपलं. एक बाटली, एक तुटका विळा आणि अर्धी चप्पल एवढंच निघालं. संध्याकाळी घरी आला तेव्हा प्रेमिलाने चिखलाचे पाय पाहिले आणि काही न विचारता पाणी तापवलं. तोच आपण होऊन म्हणाला, "उद्या पाच वाजता आपलं काम गेलं असं समज. आनं नाव जाईन ते वेगळं. लोकं म्हनतीन, पेंटरनं प्लेट विकली."

"तुमी?" प्रेमिला म्हणाली. "तुमाले एक आकडा वाकडा काढाले जमला नाही, तुमी काय विकता!" पण रात्री तीही जेवली नाही.

गुरुवारी लीलाधर थेट बिरसीला भूपेंद्रच्या घरी गेला. निदान पोरगा सोबत चालला, पोलिसात हरवल्याची नोंद तरी झाली, तर तक्रारीचा जोर थोडा कमी होईल, एवढीच आशा. बारा वाजत आले होते. अंगणात ट्रॅक्टर उभा, आणि त्याच्या शेजारी ती लाल गाडी, टेपेचा तुकडा अजून हनुवटीला लोंबत होता. आतून वड्यांचा वास आला. ओसरीवर भूपेंद्र मोबाइल कानाला लावून उभा, आणि दारात त्याची आई सुलोचनाबाई, हातात झारा.

तिने लीलाधरला पाहिलं आणि चेहरा उजळला. "या जी, या. देवासारखे आले."

लीलाधर गोंधळला. झालं होतं असं, की त्या दिवशी बारस, म्हणजे द्वादशी, भूपेंद्रच्या बापाची तिथी. दरवर्षी गावातले घनश्याम मास्तर पितर म्हणून जेवायला यायचे. पितर म्हणजे आपल्याकडे असतो तसा. गेलेल्या माणसाच्या जागी एक जिता माणूस पाटावर बसवायचा, आणि त्याला जेवू घातलं की ते गेलेल्याला पोचतं. तर मास्तर तापाने फणफणले होते, तसा फोन आत्ताच आला होता. चुलीवर कढी, परातीत उडदाचे वडे, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या, खीर, सगळं तयार आणि पाट रिकामा. तेवढ्यात दारात हा उभा.

"बाई, माझं एक काम होतं..." लीलाधर म्हणाला.

"काम मंग. पयले हातपाय धुवा."

पितराच्या जेवणाला नाही कसं म्हणायचं? तो हातपाय धुऊन बसला. कपाळाला टिळा लागला. तिने वाढलं, आणि भूपेंद्र पाया पडला. लीलाधरने घास उचलला पण तोंडाशी नेला नाही. सुलोचनाबाईचं लक्ष होतं. "कायले काळजी करून राहिले? जेवा नं. वडा कच्चा हाये का?"

मग त्याच्याने राहवलं नाही. घास तसाच हातात धरून त्याने प्लेट कशी टेपने लावली, कशी हरवली, काल दिवसभर नालीत कसा शोधत फिरला, सगळं सांगितलं. "आज पाच वाजता माझं काम सुटते, बाई."

सुलोचनाबाईने झारा खाली ठेवला. मग म्हणाली, "थे पांढरी टिन? थे तं माह्यापाशी हाये."

लीलाधरच्या हातातला वडा कढीत पडला.

"आई!" भूपेंद्र ओरडला. "तू घेतली?"

"घेतली म्हंजे? काढून ठेवली! शुक्रवारी आला तू गाडी घेऊन, पाहतो तं नवी वस्तू लावून. पितराच्या दिवसांत! बाप जाऊन तीन वर्सं झाली आनं तुले एवढंबी समजत नाही? हळद-कुकू लावलं आनं ढोलीत ठेवली, धानावर, लक्ष्मीपाशी. घट बसले का काढून देतो."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तू काऊन नाही विचारलं? ब्रेकरवर पडली म्हनून मोकळा झाला, मायले विचाराले काय झालं होतं?"

लीलाधरला मात्र काही ऐकू येत नव्हतं. कानात नुसतं 'हाये, हाये' वाजत होतं. प्लेट आहे! चिखलात नाही, दारूच्या गाडीवर नाही, त्या भिंतीपलीकडे बांबूच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, धानावर सुखाने झोपली आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने कढीतला वडा काढून अख्खा तोंडात घातला. दोन दिवसांतला पहिला घास जो चवीने लागला.

"देता का मंग, माय?" तोंड भरलेलंच असताना त्याने विचारलं.

"अमोशा झाल्याबिगर? नाही जी. ह्या दिवसांत नवी वस्तू लागत नाही. अपघात-बिपघात झाला म्हंजे? मले एकच पोरगा हाये."

भूपेंद्रने डोकं आपटायचं बाकी ठेवलं. आई, काकांचं काम जाईन, आई, सरकारचं हाये, आई, नंबर तं जुनाच हाये नं, नुसती टिन नवी! सुलोचनाबाई हलली नाही. घड्याळात एक वाजला. नवरा गेल्यापासून सगळं घर तिने एकटीने सांभाळलं होतं, आणि तिची भीती खरी होती. लीलाधरला ती दिसत होती. म्हणून तो जास्त बोलूही शकत नव्हता.

मग तीच म्हणाली, "थांब. पितर जेवून बसलाच हाये. त्यालेच विचारतो."

या घरची एक रीत होती. पितराचं जेवण झालं, विडा दिला, की घरच्या बाईने त्याला एक प्रश्न विचारायचा. तो जे म्हणेल ते गेलेल्याचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी खालची बांधी विकायची होती, मास्तर पाटावरून 'नका विकू' म्हणाले, आणि बांधी आजही घरात आहे. सुलोचनाबाईने लीलाधरच्या हातात विडा ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्यासमोर हात जोडून विचारलं, "आज लावू देऊ का?"

भूपेंद्र तिच्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होता. 'हो म्हणा! काका, हो म्हणा!'

एक शब्द. हो म्हटलं की काम वाचलं, नाव वाचलं, घरी प्रेमिला जेवली. लीलाधरने तोंड उघडलंसुद्धा. आणि समोर पाहिलं, तर ती बाई त्याच्याकडे पाहत नव्हतीच. ती पाटाकडे पाहत होती. तिला तिथे खरोखर तिचा माणूस दिसत होता.

लीलाधरने विडा खाली ठेवला.

"माय, मले नका विचारू," तो म्हणाला. "मी हो म्हनलं तं ते तुमच्या मालकाचं नसन, माह्या पोटाचं असन. एकदा चुकलो मी. त्याच्यापायी मेलेल्या मानसाच्या तोंडून खोटं बोलवत नाही मी. तुमाले वाटते तवाच लावा. मी जातो."

आणि तो उठलाच. भूपेंद्रने कपाळ बडवून घेतलं. लीलाधर ओसरीवर येऊन चपला शोधू लागला. एक चप्पल दुसऱ्या पायात जात होती. संपलं, असं त्याला वाटलं. पण विचित्र गोष्ट अशी, की छातीवरचा मंगळवारपासूनचा दगड थोडा सरकल्यासारखा झाला.

"थांबा जी."

सुलोचनाबाई दारात उभी होती. पदर डोळ्याला लावून हसत होती, की रडत होती, तिचं तिलाच माहीत.

"दोन वर्सं मास्तर बसले ह्या पाटावर. मले जे आयकाचं राहे तेच सांगत, बिचारे. माहा मानूस तसा नव्हता. सोताच्या फायद्याची गोष्ट निंघाली का तो उठूनच जाये, असाच, उलटी चप्पल घालून. आज खरा पितर जेवला माह्या घरी." ती आत गेली, ढोलीत हात घातल्याचा खसखस आवाज आला, आणि ती प्लेट घेऊन आली. आकड्यांच्या खोबणीत धानाचे दाणे अडकलेले, मधोमध कुंकू. "हे घ्या. लावा. काही होत नाही माह्या पोराले."

लीलाधरने प्लेट दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरली.

पण अजून वेळ कुठे टळली होती! दोन वाजायला आले, वाटेत सात ब्रेकर, आणि गाडी चार बोटांची. भूपेंद्रने गोदामातून कोंड्याची दोन अर्धी भरलेली पोती आणली. लीलाधरने ती स्कूटीवर पुढे टाकली, आणि निघाली वरात! पुढे स्कूटी, मागे गोगलगाईच्या चालीने लाल गाडी. ब्रेकर आला की लीलाधर उतरायचा, एक पोतं ब्रेकरच्या अलीकडे आणि एक पलीकडे चाकाच्या रेषेत पसरायचा, मग रस्त्यावर पालथा पडून गाडीच्या पोटाखाली पाहायचा आणि ओरडायचा, "तिरपी घे! तिरपी! एक चाक चढव पयले! हळू बे, गाडी हाये का रेडा!"

तिसऱ्यावर एका म्हाताऱ्याने गंमत पाहत विचारलं, "कायले घेतली गा अशी गाडी? आमच्या बैलबंडीखालून निंघून जाईन." चौथ्यावर, त्या ओरखड्याच्या ब्रेकरवर, पोट पुन्हा टेकलं आणि 'कर्रर्र' झालं. भूपेंद्र आतून किंचाळला. लीलाधरने डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि चहाच्या टपरीवरचे चार जण बोलावले. त्यांनी पुढचा भाग हाताने उचलून धरला. गाडी सुटली. "चहा?" टपरीवाल्याने विचारलं. "पाचच्या मंग!" लीलाधर ओरडला आणि स्कूटीवर बसला.

केंद्राच्या फाटकात पोहोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. दुर्गाप्रसाद बाहेर येऊन उभेच होते. लीलाधरने कोणाशी बोलायला वेळ घालवला नाही. हनुवटीवर लावली तर परत ब्रेकर खाणारच, म्हणून त्याने जागा वीतभर वर धरली, जिथे ब्रेकर आधी बंपरला लागेल, प्लेटेला नाही. पट्टीने मोजलं. खुणा केल्या. मग ड्रिल उचललं आणि त्या लालाकडे एकदा पाहिलं. "माफ कर बाबा," तो रंगाला म्हणाला, आणि दाबलं. लाल भुकटी उडाली. एक भोक, दुसरं भोक. भूपेंद्र पाठ करून उभा होता. त्याला पाहवलं नाही.

फोटोत कुंकू चालणार नव्हतं. लीलाधरने ते रुमालाने पुसून घेतलं आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. प्लेट बसवली. लॉक ठोकलं. 'टक्' झालं. त्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिली, पुन्हा ओढली. प्लेट हलली नाही. पाचला वीस मिनिटं कमी असताना फोटो वर गेला.

मग सगळे मोबाइलकडे पाहत उभे राहिले. पाच मिनिटं. दहा. दुर्गाप्रसादांनी दोनदा चष्मा पुसला. शेवटी मोबाइल वाजला, त्यांनी वाचलं आणि तो लीलाधरच्या हातातच दिला. "मंजूर. बंद नहीं हुआ तुम्हारा खाता. कल नौ बजे आ जाना, दो ट्रॅक्टर लगे हैं." मग आवाज खाली करून, "और पेंटर, टेप की बात मेरे-तुम्हारे बीच. दुबारा मत करना."

"नाही जी," लीलाधर म्हणाला, आणि त्याला एकदम इतकं हसू आलं की तो खाली बसून हसत राहिला. भूपेंद्रलाही हसू फुटलं. दुर्गाप्रसाद 'पागल हैं दोनों' म्हणत आत गेले.

संध्याकाळी फुलचूरच्या घरी प्रेमिला दारातच उभी होती. त्याच्या तोंडाकडे पाहूनच तिने ओळखलं आणि दाराच्या चौकटीला धरून मटकन खाली बसली. मग उठली, डोळे पुसले, आणि कालचा उपास आठवून ताटं घेतली. त्याचं वाढायला लागली तसा तो म्हणाला, "मले थोडंच वाढ. मी आज पितर होऊन जेवून आलो."

"अगो माय!" प्रेमिलाच्या हातातला पळा थबकला. "असं बोलत नाही, जिता मानूस!"

"जिता हावो," लीलाधर म्हणाला आणि तिच्यासमोर पाटावर मांडी घालून बसला. "बस तू. आज तू जेव, मी पाह्यतो."